पंधरा दिवसांचा कोर्स

१४ जून, शनिवार. सकाळी.

आजपासून रोजनिशी. घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. वहीला निदान उठून आत जाता येत नाही.

निमित्त असं. काल जेवताना अंबूनं जाहीर केलं की, देवीच्या जत्रेपतोर तुमची ती कॅप्सूल बंद झाली न्हाय तर मी मच्छ्याला रचनाकडं जाणार, ते कायमची. रचना आमची मुलगी, मच्छे गावात दिलेली. मी बाणेदारपणे म्हटलं, जा. मग भाकरी कोण करणार हा विचार आला. तेव्हा मोठ्या मनानं कॅप्सूल सोडायचं ठरवलं आहे. मला काय अवघड आहे?

थोडी माहिती लिहून ठेवतो. मी तम्मण्णा. बेळगावच्या वडगावात स्वतःचे विजेवरचे माग, साड्यांचं काम. आम्हा नवरा-बायकोला एच.आय.व्ही. आहे, त्याला बारा वर्षं झाली. त्याची एक पांढरी गोळी रोज जेवल्यावर दोघांनी घ्यायची, की झालं. गल्लीत कोणाला माहीत नाही.

कॅप्सूल वेगळी. आठ वर्षांपूर्वी बरगडीवर नागीण उठली. ती गेली, पण आग मागं ठेवून गेली. त्यात तळपाय जळायला लागले. तेव्हा एका मोठ्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल लिहून दिली. पंधरा दिवसांचा कोर्स. कोर्स अर्धवट सोडायचा नाही असं सगळेच डॉक्टर सांगतात. मी सोडलेला नाही.

१५ जून, रविवार. दुपारी.

गल्लीतल्या मेडिकलवाल्या भरमूकडे गेलो. सोडायची आहे म्हणूनच गेलो. सोडताना हाताशी थोडा साठा असावा, म्हणजे मनावर ताण येत नाही. भरमू म्हणाला, नवीन चिठ्ठी आणल्याशिवाय मिळणार न्हाय, अण्णा, रूल लई कडक झालेत. ह्या भरमूला नीट नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून मी ओळखतो. आता पांढरा कोट घातला म्हणून रूल सांगतो.

काळजी नाही. सीमेपलीकडे महाराष्ट्रात एक दुकान आहे, तिथं माझी आठ वर्षांपूर्वीची चिठ्ठी अजून चालते. घड्यांवर फाटली आहे, डॉक्टरांचं नाव पुसलं आहे, पण ओळख ती ओळख. इतकी वर्षं लोक ह्या सीमेवरून भांडतात, मोर्चे काढतात, बोर्ड काळे करतात. सीमेचा खरा उपयोग काय ते मला एकट्याला कळलं.

१६ जून, सोमवार.

योजना तयार. जत्रेच्या आधी महिनाभर आम्ही देवीचे वार पाळतो. मंगळवार आणि शुक्रवार. त्या दिवशी शेतात कोणी जायचं नाही, मागाला हात लावायचा नाही. ह्या वर्षी मी गोळ्यांचाही वार पाळणार. मंगळवार-शुक्रवार सुट्टी. मग हळूहळू बाकीचे दिवस. जत्रेपर्यंत माणूस मोकळा.

अंबू मला देवळात घेऊन गेली आणि पुजाऱ्यासमोर बोलायला लावलं. मी बोललो, वाराला गोळीला शिवणार नाही. अंबूच्या डोळ्यांत पाणी आलं. बायकांना लगेच पाणी येतं.

१७ जून, मंगळवार. पहिला वार.

सकाळी ७. कॅप्सूल घेतली नाही. काहीही वाटत नाही. लोक उगाच बाऊ करतात.

१०. जांभया. हवा बदलली आहे.

१२. नाक गळतंय. पावसाळी सर्दी.

२. पोटात मुरडा. अंबूनं काल केलेल्या आंबोळ्या. पीठ जास्त आंबलं होतं, मी तेव्हाच म्हटलं होतं. पाय आपोआप झटकले जातात, घाम येतो, अंगावर काटा उभा राहतो. रेडिओवरचा माणूस बोलतोय त्याचाही राग येतो.

३. ही सर्दी साधी नाही. अंगात ताप मुरला तर जत्रेला अंथरुणात पडेन, आणि ते देवीलाच आवडणार नाही.

३.१५. घेतली. औषध म्हणून.

४. सर्दी गेली. आंबोळ्याही पचल्या. ह्यावरूनच कळतं की कॅप्सूलचा गुण सगळ्या आजारांवर आहे.

१८ जून, बुधवार.

काल वार मोडला असं वरवर बघणाऱ्याला वाटेल. मी शांतपणे विचार केला.

घरात औषधं दोन. पांढरी गोळी आणि कॅप्सूल. गेल्या वर्षीचा माझा रिपोर्ट काढून बघितला. व्हायरल लोड: नॉट डिटेक्टेड. सरकारनंच लिहून दिलंय की तो व्हायरस आता दिसत नाही. जो पाहुणा घरातच नाही त्याला रोज जेवणानंतर हाकलायला उठायचं काय कारण? दुखणं मात्र आहे. रोज आहे. मग सुट्टी कोणाला द्यायची? बिनकामाच्या माणसाला की कामाच्या?

देवीला मी शब्द दिला तो गोळीला शिवणार नाही असा. कुठली ते तिनंही विचारलं नाही. शुक्रवारपासून पांढऱ्या गोळीचा वार.

१९ जून, गुरुवार.

अंबूला घेऊन निपाणीला जाऊन आलो. पांढरी गोळी देणारं सरकारी ए.आर.टी. सेंटर बेळगावातही आहे, पण तिथं ओळखीचं भेटतं, म्हणून आम्ही पहिल्यापासून निपाणीत नाव घातलं. माझी अक्कल. पहिल्याच वर्षी तिथल्या बाकावर आमच्याच गल्लीतला यल्लाप्पा भेटला. मी म्हटलं, तंबाखूच्या कामाला आलतो. तो म्हणाला, मी पण. दोघांच्या मांडीवर एकाच रंगाची फाइल. वडगावातले दोन विणकर तंबाखूच्या कामाला.

हा यल्लाप्पा मुंबईला ट्रकवर होता तेव्हा सुईनं नशा करायचा. सुईतूनच त्याला हा रोग झाला. आता परत नशेकडे वळू नये म्हणून आठवड्याला एका डॉक्टरकडे औषध घ्यायला जातो आणि त्याची लाजही वाटत नाही त्याला. मला बघून बाकावर सरकतो आणि म्हणतो, बस की रं तम्मण्णा. मी उभाच राहतो. आपण पेशंट, तो नशेबाज. एका बाकावर कसं बसायचं?

सौरव नावाचा समुपदेशक आहे. पंचविशीचा पोरगा, दाढीसुद्धा अजून विचार करून येते. मला विचारतो, अण्णा, ती वेदनेची कॅप्सूल अजून चालू आहे का? म्हटलं, बंद केली. म्हणाला, चांगलं, पण एकदम बंद करू नका, त्रास होईल, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करू. आणि मग म्हणे, ती अफूच्या घराण्यातली आहे. अफू! माझ्या कॅप्सूलच्या पट्टीवर बॅच नंबर आहे, एक्स्पायरी डेट आहे. अफूला एक्स्पायरी डेट असते का? पण ह्यांना कोण विचारणार. मान हलवली.

येताना तंबाखूवाल्याकडे जरा काम आहे म्हणून अंबूला पुढं पाठवलं, आणि सीमेपलीकडे जाऊन आलो.

२० जून, शुक्रवार. दुसरा वार.

यशस्वी. जेवल्यावर अंबूनं हाक मारली, गोळी घेतलासा? मी तिच्यादेखत तोंडाकडे हात नेला, पाणी प्यालो, आणि गोळी डब्यात परत. काही त्रास नाही. जांभया नाहीत, मुरडा नाही, पाय जागच्या जागी. पांढरी गोळी सोडणं किती सोपं आहे! कॅप्सूल तेवढी दिवसभर नेहमीसारखी चालू ठेवली, शरीराला धक्का नको म्हणून.

अंबूनं विचारलं, आज वार पाळलासा? म्हटलं, पाळला. शंभर टक्के खरं.

२४ जून, मंगळवार.

पाळला.

२८ जून, शनिवार.

एवढं जमतंय तर दोनच वार कशाला? शनिवार मारुतीचा. आजपासून तोही. सोमवार महादेवाचा, तोही धरावा म्हणतो. माणसाला एकदा निश्चयाची गोडी लागली की थांबवत नाही.

पोट मात्र साफ होत नाही. आठ वर्षं होत नाही. अंबूच्या स्वयंपाकात भाजी कमी असते.

३ जुलै, गुरुवार.

मागावर एक किरकोळ गोष्ट झाली. जत्रेच्या ऑर्डरची साडी लावली होती. दुपारी जरा ध्यान लागलं. डोळे मिटून विचार करत होतो, झोपलो नव्हतो. तेवढ्यात बाण्याचं आडवं सूत संपलं आणि माग रिकामाच चालत राहिला. हातभर पट्टी नुसत्या उभ्या दोऱ्यांची. त्यातून पलीकडची भिंत दिसते.

अंबू धावत आली, माग बंद केला. मला उठवून बाजूला बसवलं आणि स्वतः दोरे जोडायला लागली. म्हणाली, तुमी जरा पडा जावा. मी म्हटलं, आजकाल सुताची क्वालिटीच राहिली नाही. ती म्हणाली, व्हय.

तेव्हापासून मागावर तीच बसते. बरं झालं. मला सुपरव्हिजन करता येतं.

९ जुलै, बुधवार.

कॅप्सूलचा हिशेब थोडा वाढलाय. एकीच्या जोडीला दुसरी, आणि ती दुसरी एकटी पडू नये म्हणून संध्याकाळी अजून एक. हे सोडण्याच्या आधीचं आहे. दिवासुद्धा विझताना मोठा होतो. जत्रा झाली की एकदम शून्य.

पांढऱ्या गोळीचा निश्चय मात्र पक्का. आता बुधवारही धरला. गुरुवार दत्ताचा. रविवारी खंडोबा. कुठल्या देवाला नाराज करायचं? डबा अजून अर्ध्याहून जास्त भरलेला आहे. बघून अभिमान वाटतो.

१६ जुलै, बुधवार.

उद्या निपाणी. एक अडचण ध्यानात आली. तिथं आपला डबा दाखवायचा असतो, आणि तो सौरव उरलेल्या गोळ्या मोजतो. रिकामटेकडा पोरगा. भरलेला डबा बघून तो मला निश्चयी म्हणणार नाही, वेगळंच काहीतरी म्हणेल. एवढी समज ह्या लोकांना नसते.

फेकून दिल्या तर सरकारी औषधाची नासाडी. मी तसला माणूस नाही. विचार चालू आहे.

१७ जुलै, गुरुवार. बसमध्ये.

सुटला प्रश्न. संकेश्वरला बस थांबली. अंबू तोंडावर पाणी मारायला खाली उतरली. दोघांचे डबे एकाच पिशवीत. माझ्या जादाच्या गोळ्या तिच्या डब्यात ओतल्या. गोळी तीच, कंपनी तीच, घर एकच. नवरा-बायकोत माझं-तुझं काय? औषध वाया गेलं नाही, माझा डबा बरोबर. असं डोकं चालायला वेळ लागत नाही, डोकं लागतं.

१७ जुलै. घरी आल्यावर.

माझ्या गोळ्या तंतोतंत जुळल्या. सौरव म्हणाला, शाब्बास अण्णा.

मग अंबूचा डबा उघडला. सौरवचा चेहरा उतरला. त्यानं अगदी हळू विचारलं, आक्का, गोळ्या चुकतायत का? काही त्रास आहे का, मन लागत नाही का, घरात काही झालंय का? अंबूनं डब्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत होती. मला वाटलं आता सांगते, पण तिनं डब्याचं झाकण लावलं. सौरवनं तिला गोळी चुकली की काय होतं ते पहिल्यापासून समजावलं, औषध लागू पडेनासं होतं, व्हायरस परत उठतो, सगळं. ती लहान मुलीसारखी मान खाली घालून ऐकत होती. मीसुद्धा दोन शब्द सुनावले. म्हटलं, अगं, स्वतःच्या जिवाशी असा खेळ करू नये. सौरवला पटलं.

तपासणीसाठी दोघांचंही रक्त घेतलं. वर्षाची वेळ झाली होती.

परतताना अंबू खिडकीकडे तोंड करून बसली.  चूक तिची नसली तरी तिला वाईट वाटलं असणार. हळवी आहे.

१९ जुलै, शनिवार.

अंबू मच्छ्याला गेली. जत्रा तीन दिवसांवर असताना.

जाताना भांडली नाही. तेच खटकलं. म्हणाली, कॅप्सूल न्हाय सुटली, ते मला म्हाईत होतं. तुमच्या उश्याखाली पट्ट्या मीच गोळा करत हुते. त्यानं मी गेले नसते. पण बारा वर्सं माझी एक गोळी चुकलेली न्हाय, ताप आला तरी न्हाय, पोरीच्या लग्नात सुद्दा न्हाय. आणि तुमी त्या पोराम्होरं माझ्या डब्यात तुमचं पाप वतलासा, आणि वर मला शानपन शिकवलासा.

मी म्हटलं, अगं, गोळ्या तर सारख्याच. ती म्हणाली, ज्या दिवशी मला एक गोष्ट खरी सांगशिला, नुसती एक, त्या दिवशी मी परत येते. आणि आपला डबा घेऊन रिक्षात बसली.

एक गोष्ट खरी सांग म्हणे. मी रोज खरंच बोलतो, हिला ओळखता येत नाही.

२२ जुलै, मंगळवार. जत्रा.

घर पाहुण्यांनी भरलं आणि चुलीवर काही नाही. सगळ्यांनी विचारलं, अंबुबाई कुठाय? पटकन तोंडाला आलं ते सांगितलं, की रचनाचं बाळंतपण आहे. रचनाचा धाकटा तिसरीत आहे. संध्याकाळपर्यंत गल्लीत पेढ्यांची चौकशी सुरू झाली. मुलगा की मुलगी, हेही मला विचारतात. मी मुलगी म्हणून सांगितलं. निदान देवीला बरं वाटेल.

देवळात गेलो. गर्दी फार होती, देवीला विशेष काही सांगता आलं नाही. तिनंही विचारलं नाही.

२८ जुलै, सोमवार.

भात करपला. परवाही करपला होता. कुकरमध्येच काहीतरी दोष आहे.

गोळी घ्यायची हाक कोणी मारत नाही. म्हणजे वार पाळायचा प्रश्नच मिटला. माग बंद आहेत.

अंबूला फोन केला नाही. तिनं आधी करावा.

६ ऑगस्ट, बुधवार.

सौरवचा फोन आला की, अण्णा, आक्कांना घेऊन या. एकटाच गेलो. सांगितलं, आक्का बाळंतपणाला गेली आहे. आता ते तोंडात बसलंच आहे.

त्यानं दोन्ही रिपोर्ट समोर ठेवले. अंबूचा: नॉट डिटेक्टेड. माझ्या व्हायरसची संख्या पाच आकडी होती. मी म्हटलं, मशीन बिघडलंय. त्यानं अंबूच्या रिपोर्टवर बोट ठेवलं, त्याच मशीनचा. म्हटलं, मग रिपोर्ट बदलले असतील, आडनाव एकच आहे. त्यानं दोन्हींवरचे वेगवेगळे फाइल नंबर दाखवले.  शेवटी म्हणाला, अण्णा, मी आक्कांना उगाच बोललो. त्यांची माफी मागायची आहे मला.

मला रागावला असता तर बरं झालं असतं. उत्तर तयार होतं.

मग त्यानं सांगितलं की आता रोज गोळी घ्यायची, काही महिन्यांनी परत तपासायचं, आकडा उतरला नाही तर औषध बदलावं लागेल, आणि बदलायलाही औषधं काही ढिगानं नाहीत. कॅप्सूलसाठी व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते हळूहळू कमी करून देतील, वेदनेवर दुसरं औषधही देतील. फक्त घरचं एक माणूस बरोबर लागेल, औषध त्या माणसाच्या हातात देतात.

त्या डॉक्टरांच्या दारासमोर बाकावर यल्लाप्पा. अंगानं भरलाय. तब्येत माझ्यापेक्षा चांगली, हा काय न्याय आहे? मला बघून सरकला. पाय इतके जळत होते की बसलो. त्यानं विचारलं, घरचं कोण आलंय? म्हटलं, बाळंतपण. तो म्हणाला, माझ्या टायमाला बी कोण न्हवतं रं. आधी समद्यांना फशिवलं हुतं. मग बायकोकडं जाऊन बसलो आणि खरं खरं सांगितलं. लई मार खाल्ला. पन आली.

माझी आणि ह्याची तुलना होऊ शकत नाही. तरीपण त्याच्या शेजारीच बसून राहिलो, डॉक्टरांकडे आत गेलो नाही. हे पहिल्यांदाच लिहितो, मला भीती वाटली. मरायची. एकट्यानं मरायची जास्त.

८ ऑगस्ट, शुक्रवार. दुपारी.

कालपासून पाठ करतोय. चारच वाक्यं. गोळ्या मीच चुकवल्या. तुझ्या डब्यात मीच ओतल्या. कॅप्सूल सुटलेली नाही. मला भीती वाटते, तू ये. मागावर बसून मोठ्यानं म्हणून बघितली, जीभ कुठे अडखळली नाही. चार नको, एक सांगितलं तरी पुरे, असं तिनंच कबूल केलंय.

अंबूला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, बोला.

मी म्हटलं, जेवलीस काय? म्हणाली, व्हय. म्हटलं, नातू काय म्हणतो? म्हणाली, शाळेत गेलाय. मग ती थांबली. वाट बघत होती हे मला कळत होतं. मी पाऊस आहे काय विचारलं, तेव्हा तिनंच सोपं करून दिलं. म्हणाली, कॅप्सूल बंद झाली का वो?

म्हटलं, झाली की. कधीच.

ती म्हणाली, बरं. ठेवते मग.

तिला पटलं नाही. मलाही पटलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, आज पहिल्यांदा आमचं एकमत झालं.